परत कसं आणणार?

बेटा,

तुझं पत्र चारदा वाचलं. तू हुशार आहेस, जिद्दी आहेस वगैरे लिहीत बसत नाही; त्यानं तुझा प्रश्न सुटत नाही. समुद्र दोनदाच पाहिलेल्या शिरपूरच्या मुलीनं तरंगत्या पवनचक्क्यांत एम.टेक. करावं, की साक्रीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीची नोकरी धरावी, असं विचारतेस. मी तुझं प्रोजेक्टचं ड्रॉइंग उघडलं. तीन खांबांचा तरंगता पाया, साखळ्या, नांगर, लाटेबरोबर हलणारी केबल, सगळं नीट काढलंयस. पण गिअरबॉक्स गेला तर ते धूड परत कसं आणणार, याची एक रेघही त्यात नाही.

परत कसं आणणार, ते आधी सांग. बाकी नंतर.

चिडलोय असं वाटेल. चिडलोच आहे, कारण ही चूक मी केली होती. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या बाजूला पंख्यांच्या जागा आखल्या तेव्हा एका वळणावर मोठी क्रेन वळणार नाही, हे मला दिसत होतं. उभारणी उन्हाळ्यातली, शेजारच्या मोकळ्या वावरातून क्रेन नेली, काम झालं. मी सही केली. काही वर्षांनी मार्चमध्ये त्याच पंख्याच्या गिअरबॉक्सचा तेलाचा फिल्टर उघडला, तर तळहातावर चकचकीत पोलादी कीस; आतले दाते झिजत होते. क्रेन मागितली. ‘एवढा मोसम काढू,’ असं वरून उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. जूनअखेर गिअरबॉक्स निकामी झाला. तोवर काळी जमीन मऊ झालेली, वावरात कपाशी लागलेली. आषाढ-श्रावणभर वारा घोंघावत होता, शेजारचे पंखे गरगर फिरत होते, आणि आमचा पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून, फिरू नये म्हणून पिन घालून उभा. वावराचा मालक बांधावरून रोज विचारायचा, “पंखा कव्हय फिरी, भाऊ?” दिवाळीनंतर फिरला.

ज्या चार महिन्यांत कमाई, त्याच चार महिन्यांत वाट बंद. अरबी समुद्राचंही हेच आहे. पठारावर निदान चिखल वाळला की क्रेन पंख्याच्या पायाशी उभी राहते. उथळ पाण्यात क्रेनचं जहाज तळावर पाय रोवून उभं राहतं. साठेक मीटर खोलीच्या पुढे तळात खांब रोवणं परवडेनासं होतं, म्हणून तर तुझा तरंगता पाया. पण तिथं जहाजालाही पाय टेकवता येत नाहीत. क्रेनही हलते, पंखाही हलतो, आणि बोल्टची भोकं तेवढ्या उंचीवर जुळवायची असतात.

स्कॉटलंडच्या पीटरहेडसमोर २०१७ मध्ये हायविंड प्रकल्पाचे पाच पंखे सुरू झाले, प्रत्येकी ६ मेगावॉटचे. जगातलं पहिलं तरंगतं पवनक्षेत्र. वीज उत्तम दिली. २०२४ मध्ये मोठी दुरुस्ती निघाली, तेव्हा केबल-साखळ्या सोडवून पाचही पंखे नॉर्वेला ओढत न्यावे लागले. त्यांचा पाया पाण्याखाली ऐंशीएक मीटर जातो; तो नेहमीच्या बंदरात शिरत नाही, खोल फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधली समुद्राची खाडी, लागतो. तुझा तीन खांबांचा पाया उथळ बसतो, बंदरात येऊ शकतो, निवड चांगली आहे. पण कोणत्या बंदरात? धक्क्याशी पाणी किती? पंखे एकाच केबलवर माळेसारखे जोडलेले; मधला काढला तर पलीकडच्यांची वीज कुठून येणार? परत कसं आणणार, बेटा?

आपली तापी ज्या खंभातच्या आखातात जाते, तिथं २०१७ मध्ये वारा मोजायला लायडार बसवलं. २०२४ मध्ये केंद्रानं गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात १००० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. ते काम तळात रोवलेल्या खांबांचं. खोल पाणी तुमच्या पिढीच्या वाट्याला येणार आहे, आणि म्हणूनच मी हात धुऊन मागे लागलोय.

मलाही परदेशातून बोलावणं होतं. गेलो नाही. घाबरला, असं आजही लोक म्हणतात. घाबरलो नव्हतो. ते वळण रुंद करून घ्यायचं होतं, वावराच्या मालकाला वाजवी मोबदला मिळवून द्यायचा होता. त्यात दोन वर्षं गेली. तेव्हापासून कुठलाही आराखडा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारतो. अडेलतट्टू म्हणतात. म्हणोत. त्या वळणावर आता क्रेन वळते.

एम.टेक. करच. पण प्रवेश वर्षभर पुढे ढकल आणि एक पावसाळा पठारावर काढ. वर्ष वाया जाईल म्हणशील. बंद पंख्याखाली भिजत उभी राहिलीस की म्हणणार नाहीस. रविवारी साक्रीला ये, ते वळण दाखवतो. ड्रॉइंग छापून आण, आणि त्यावर बंदराचं नाव लिहून आण.

तुझा,
काका