राउटरला चारच पोर्ट, संगणक सात

प्रश्न : राउटरला चार पोर्ट (केबल खोचायच्या जागा) आहेत, संगणक सात. पोर्ट वाढवायला हब घ्यावा की स्विच? शिवाय जोडलेल्यांपैकी एका संगणकाला वेग १०० एमबीपीएसच दिसतो, बाकीच्यांना १०००. असे का?

उत्तर : हबचा विचार सोडाच. तो आलेला प्रत्येक संदेश सगळ्या पोर्टवर पाठवतो. स्विच मात्र कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा ओळख क्रमांक) आहे हे लक्षात ठेवतो आणि संदेश तिथेच देतो. आठ पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच घ्या. एक पोर्ट राउटरच्या लॅन पोर्टकडे (त्या चारपैकी एकाकडे) जाईल, सात उरतील. सेटिंग काहीच नाही.

वेगाचा दोष बहुधा केबलचा. केबलमध्ये पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात (पिन १, २, ३, ६). गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी सुटली, तरी नेट चालते, पण वेग उतरतो. आधी चांगली केबल लावून पाहा. फरक पडला तर जुन्या केबलचे कनेक्टर कापून नवे क्रिंप करा (खास पकडीने दाबून बसवा). दोन्ही टोकांना क्रम एकच : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. कॅट ५ई दर्जाची केबल चालेल, लांबी १०० मीटरच्या आत.

आणि एकाच केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचू नका. गडबडीत हे हमखास होते! संदेश गोल फिरत राहतात आणि सगळे नेटवर्क ठप्प होते.