डोकं थांबत नाही

प्रश्न: रोज सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला फेरी मारतो, तरी डोक्यातली चक्रं थांबत नाहीत. नुसतं निसर्ग बघत बसावं म्हणतात, ते कसं?

उत्तर: फेरीनंतर आधी धाप ओसरू द्या. मग सूर्य पाठीशी घेऊन काठावर 20 मिनिटं बसा. अख्खा तलाव बघू नका. एकच ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, निवडा. मातकट रंगाची, उथळ पाण्यात दबा धरून उभी असते. मान कधी लांबवते, पाऊल कधी उचलते, एवढंच बघा. पांढरे पंख पसरून उडाली, तर दुसरी शोधू नका. तिथलंच पाणी बघत राहा. सुरुवातीला कंटाळा येणारच, बहुतेक जण तेव्हाच उठतात. मोबाईल घरीच ठेवा. फोटो आणि पक्ष्यांची मोजदाद सुरू झाली की मन पुन्हा कामाला लागतं. गर्दी नकोच असेल, तर कळंबा तलाव गाठा.