वेन्सडेतला 'डी' कुणाचा?

प्रश्न : बाई, 'वेन्सडे'चं स्पेलिंग आम्ही 'वेड-नेस-डे' असं घोकायचो. नात दुसरीत आहे, तीही तसंच घोकते. परवा म्हणाली, "आबा, म्हणायचा नाही तर तो 'डी' लिहायचा कशाला?" तिला काय सांगू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तो 'डी' एका देवाचा आहे, असं सांगा. वोडन हा ख्रिस्ती होण्याआधीच्या अँग्लो-सॅक्सन लोकांचा, म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांचा, मोठा देव. नॉर्स, म्हणजे जुने नॉर्वे-स्वीडनकडचे लोक त्यालाच ओडिन म्हणत. वेन्सडे म्हणजे वोडनचा वार. लोकांच्या जिभेनं 'डी' गिळला, लिहिणाऱ्यांनी सोडला नाही.

हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं, पण अंगावर आलं ते लेकीकडे बर्मिंगहॅमला गेले तेव्हा. वुल्व्हरहॅम्प्टनच्या ट्रॅममध्ये एका स्टॉपची पाटी मी मोठ्यानं वाचली, 'वेड-नेस-बरी'. शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, "वेन्झबरी." ज्या उच्चारासाठी पोरांना उभं केलं, तोच माझ्या तोंडून! गावाचा अर्थ वोडनची गढी. तिकडे एसेक्समध्ये थंडर्सली आहे, म्हणजे थुनोरची राई. हा थुनोर म्हणजेच नॉर्सांचा थॉर, गडगडाटाचा देव. मला तर आपल्या देवरायाच आठवल्या.

वारांची नावं मुळात रोमनांची, ग्रहांवरून ठेवलेली. आपलेही वार त्याच ग्रहांचे. जर्मानिक लोकांनी (अँग्लो-सॅक्सन, नॉर्स त्यांतलेच) रोमन देवांच्या जागी आपले बसवले : मंगळाच्या जागी टीव, बुधाच्या जागी वोडन, गुरूच्या जागी थुनोर, शुक्राच्या जागी फ्रिग ही देवी. शनीला मात्र जोडीदार मिळाला नाही, म्हणून सॅटर्डेत रोमनांचा सॅटर्न तसाच बसून आहे.

आता यातली खरी गंमत. टीव हे नाव आणि आपला 'देव' एकाच मुळातून आलेत. फ्रिग आणि 'प्रिया' यांचंही तसंच. म्हणजे नातीच्या ट्यूजडेत देव आणि फ्रायडेत प्रिया! परके म्हणून पाठ केलेले हे शब्द नात्यातलेच निघाले की.

आणि आबा, थॉर तर तुमच्या माझ्या लग्नातही येऊन गेलाय. 1829 साली स्वीडनच्या बर्झेलियसनं नॉर्वेतल्या एका काळ्या खनिजात नवं मूलद्रव्य शोधलं आणि थॉरवरून त्याला थोरियम म्हटलं. गॅसबत्तीचं ते हात लावला की भुगा होणारं पांढरं मेंटल (आमचा दुकानदार 'मेंटल'च म्हणायचा) जवळजवळ सगळं थोरियमच्या ऑक्साइडचं असे. माझ्या वरातीत अशा सहा बत्त्या होत्या, डोक्यावर घेतलेल्या. एक वाटेतच फुसफुसून विझली, सासरे अजून आठवण काढतात.