मांगरात बसू नको

गो चेडवा,

रविवारी तू ओटीवर दोन तास बसलीस आणि त्यातला निम्मा वेळ तुझा हात केसांवर होता, उजवा कान झाकलाय ना, डावा झाकलाय ना. मी चहा घेणार काय विचारलं तर हो म्हणालीस आणि चहा समोर आल्यावर दचकलीस. म्हणजे ऐकूच आलं नव्हतं, माझे ओठ हलले म्हणून तू मान हलवलीस. आणि निघताना चपला घालता घालता म्हणालीस, मावशी ते अपंगत्वाचं सर्टिफिकेट नकोच काढूया, एकदा कागदावर आलं की स्थळं यायची नाहीत, आणि हो, तीन महिने झालं नीट झोपच नाहीये. ते "आणि हो" म्हणून जे टाकून गेलीस ना, त्याच्यापायी मी रात्री साडेअकराला मोबाईलवर हे लिहीत बसलेय.

तू शूर आहेस, तुझ्यात काही कमी नाही वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला माहितीये आणि ते ऐकून कोणाला झोप लागत नाही.

तुझ्या त्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, कान असा आहे म्हटल्यावर मन खट्टू होणारच, टॉनिक घ्या. मला ऐकूनच संताप आला. अगो, कान तर तू सहा वर्षांची असल्यापासून असाच आहे. शाळेत तू दोन वेण्या घालून, कानात मशीन लावून पहिल्या बाकावर बसायचीस आणि सगळ्यात मोठ्याने भांडायचीस, मी त्याच शाळेत ऑफिसात होते, रोज बघायचे तुला. झोप गेली ती ह्या नोकरीला लागल्यापासून, केस मोकळे सोडायला लागल्यापासून. तूच सांगितलंस ना तुझा दिवस कसा जातो ते. सकाळी जाऊन आधी भिंतीकडची खुर्ची पकडायची, म्हणजे सगळ्यांचे ओठ दिसतात. कोणी हसलं की हसायचं. फोन वाजला की काहीतरी काम काढून उठायचं. बॅटरी संपली की बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, बदलायची. पावसात हवा दमट झाली की मशीन खरखरतं, तर ते सिलिकाच्या डबीत ठेवायचं सोडून तू तसंच बंद मशीन कानात घालून बसलीस, अख्खा दिवस, कारण ती डबी टेबलावर दिसली असती. मग संध्याकाळी डोकं ठणकणार नाही तर काय होणार! दिवसभर ओठ वाचणं हेच माणसाला थकवतं, त्यात तू वर आणि पहारा देतेस. आणि पहाऱ्यावरचं मन रात्री दिवा मालवला म्हणून ड्युटीवरून उतरत नाही.

मला कसं कळतं विचारशील. मी मांगरात, परसातल्या सामानाच्या खोपटात, बसलेली बाई आहे.

१९९१ चा मे महिना. माझं वय २५, धाकटीचं २१. धाकटीला बघायला पाहुणे येणार होते. डावा पाय माझा पोलिओचा हे तू बघतेच आहेस, तेव्हा पायाला बांधायचं कॅलिपर मोठं होतं, लोखंडी, चालताना गुडघ्याशी वाजायचं. मला कोणी आत जा म्हणून सांगितलं नाही हां. आईने नाही, बाबांनी नाही. खळ्यात जीपचा आवाज आला आणि मी आपली आपण उठले, परसातून मांगरात गेले, कॅलिपर काढून ठेवलं, वाजू नये म्हणून, आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगावर बसून राहिले. दोन-सव्वादोन तास. कपबशांचे आवाज येत होते, बाबांचं ते पाहुण्यांसमोरचं मोठ्याने हसणं येत होतं. एक कोंबडी आत आली, माझ्याकडे बघत उभी राहिली, तिला मी हुसकलंसुद्धा नाही, आवाज होईल म्हणून. आणि मला वाटत होतं मी बहिणीसाठी काहीतरी मोठं करतेय.

लग्न झालं. सहा महिन्यांनी सासरच्यांना कळलं की थोरली अशी आहे, आणि मग जे सुरू झालं ते, तुम्ही लपवलंत, तुम्ही फसवलंत, उद्या आमच्या नातवंडांत हे उतरलं तर. पोलिओ कसला उतरतोय, तो विषाणूचा आजार! पण ते समजावून कोण घेतंय. बहिणीने कितीतरी वर्षं ते टोमणे खाल्ले. मग एकदा माहेरपणाला आली होती, नारळ किसता किसता मान वर न करता म्हणाली, ताय, तू त्या दिवशी बाहेर येऊन बसली असतीस तर काय ते एकदाच झालं असतं. बस एवढंच. परत कधी बोलली नाही ती ह्यावर, पण मला ते अजून रात्रीचं ऐकू येतं. म्हणून सांगते, मांगरात बसू नको. तुला वाटतं तू आईबाबांची अडचण कमी करतेस, तू फक्त ती पुढे ढकलतेस, व्याजासकट.

आणि ह्याची सवय लागते गो. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. लोक नाही म्हणायच्या आधी माणूस स्वतःच स्वतःला नाही म्हणायला लागतो. खात्याची परीक्षा होती, सेंटर दुसऱ्या मजल्यावर, मी फॉर्मच भरला नाही. खाली बसू द्या म्हणून विचारलंसुद्धा नाही. सहलीला नाही, जत्रेला नाही, हळदीकुंकवाला नाही. मग एक दिवस असा आला की सकाळी उठावंसंच वाटेना, आंघोळ डोंगराएवढी वाटायला लागली. मला मनाच्या डॉक्टरांकडे जायला पाहिजे हे कळत होतं, पण आपल्याकडे "रत्नागिरीला न्यायला हवं" म्हटलं की त्याचा अर्थ काय काढतात तुला माहितीये, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून त्या अख्ख्या शहराच्या नावाची शिवी करून ठेवलीय लोकांनी. तर मी काय केलं, फोंडा घाट चढून एसटीने कोल्हापूरला जायचे, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. घरी सांगायचे पायासाठी जातेय. ज्या पायापायी मी मांगरात लपले तोच पाय मी मन लपवायला पुढे केला! एका जुलैत दरड कोसळली, घाट बंद, गोळ्या संपल्या, आणि गावातल्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवायची माझी हिंमत झाली नाही. असल्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. ते दोन आठवडे कसे गेले ते मी लिहीत नाही. विहिरीकडे जायला मला भीती वाटायची इतकं सांगते.

म्हणून आता मी अशी आहे. लग्नाला गेले की हॉलमध्ये मोठ्याने खुर्ची मागते, पंगतीत खाली बसता येत नाही म्हणून टेबल लावून घेते, कंडक्टरला गाडी थांबव म्हणते आणि उतरायला माझा वेळ घेते. लोक म्हणतात म्हातारी भांडकुदळ आहे. सख्खा भाऊ माझ्याशी दोन वर्षं बोलत नाही, त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मला मागच्या खोलीत बस म्हणाला, दगदग नको म्हणून, आणि मी सगळ्यांदेखत नाही म्हणाले. कदाचित तो खरंच काळजीने म्हणाला असेल. असेलही. पण मी एकदा मागच्या खोलीत बसून बघितलंय, परत बसणार नाही, आणि ह्यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

एकदा मात्र मी गप्प झाले. माझी मैत्रीण, आमच्याच गावच्या बौद्धवाडीतली, मुंबईत नर्स होती. भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव वेगळं सांगायची. बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराला आतून लावलेला, दार उघडायचं, हात जोडायचे, दार लावायचं. बेल वाजली की छातीत धडधडायचं तिच्या, रात्री दोन-दोनदा उठून कडी बघायची. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, लपतंस कित्याक? ती म्हणाली, खोली तू देतलंस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्यांचं लपणं सारखं नसतं, कोणाकोणाचं डोक्यावरचं छप्पर त्याच्यावर असतं, घरी कळलं तर मार बसेल अशी मुलंही आहेत. त्यांना मी ओटीवर येऊन बस म्हणणार नाही. पण तिनेही शेवटी एका माणसाला सांगितलं, वॉर्डातल्या सिस्टरला, आणि त्यानंतर झोपायला लागली. एक तरी माणूस असा हवा ज्याच्यासमोर पहारा नाही. आणि तुझं छप्पर कोण काढून घेणार आहे गो? तुझ्याकडे ते कारण नाही. तुला फक्त सवय लागायला लागलीय.

आता सर्टिफिकेटचं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, तुझं कानाचं त्यात आहे आणि मानसिक आजारही त्याच यादीत आहे, एकाच पानावर. सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव, त्यातला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा, त्याला ४० टक्के किंवा त्याच्या वरचं सर्टिफिकेट लागतं. ते तुझ्या हक्काचं आहे, ते स्थळासाठी सोडून देतेस? आणि जे स्थळ कागद बघून पळेल ते लग्नानंतर मशीन बघून काय करेल ह्याचा विचार तूच कर, माझ्या बहिणीला विचारून ये पाहिजे तर. झोपेचं कोणाला कळेल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे, मला तेव्हा हे कोणी सांगितलं नाही. मध्ये रात्रीबेरात्री नको नको ते मनात आलं तर १४४१६ लाव, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फोनवर नीट ऐकू येत नाही हे पहिल्याच वाक्यात सांग. नाहीतर मला मेसेज कर, कितीही वाजता, मी जागीच असते.

बुधवारी सकाळच्या एसटीने आपण ओरोसला जातोय, जिल्हा रुग्णालयात. कानाचं बघू आणि तिथेच मानसोपचारवाल्यांनाही विचारू, दोन्ही एकाच फेरीत. टॉनिकची बाटली घेऊन ये, बघू दे काय दिलंय ते. आईला खरं काय ते सांगून निघ, नसेल जमत तर मी सांगते, पण पायाचं कारण मी परत देणार नाही कोणाला. मशीनच्या ३१२ नंबरच्या बॅटऱ्यांची नवीन पट्टी घे, तिथे वेळ लागतो आणि बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. बदलायची झाली तर बाकावरच बदल, मी बाजूला बसलेली असेन. आणि तुझी बसायची बाजू सांगून ठेव, उजवी की डावी, म्हणजे मी त्या बाजूने बोलेन, रविवारी मला ते विचारायचं सुचलंच नाही.

तुझी मावशी