गावातली नर्सरी की तालुक्याच्या कॉन्व्हेंटचं केजी?

दादा, तुमची मुलगी साडेतीन वर्षांची. गावात एका मॅडमनी घरीच नर्सरी सुरू केली आहे, आणि तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नर्सरीपासून दहावीपर्यंत वर्ग आहेत. आत्ता तिथं नाव टाकलं नाही तर पहिलीत सीट मिळणार नाही, ही तुमची धास्ती. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. माझी दोन लेकरं दोन वेगळ्या वाटांनी पहिलीत गेली, म्हणून सांगते, निदान एक वर्ष तिला गावातच राहू द्या.

मोठ्याला आम्ही साडेतीन वर्षांचा असतानाच कॉन्व्हेंटमध्ये घातलं. ऑटो सकाळी सातला यायचा, पोरगा दुपारी दीडला उतरायचा, बहुतेक वेळा झोपलेलाच. होळीनंतरचं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पण खरा त्रास वेगळाच होता. लघवीला जायचं तर इंग्रजीत विचारायचं, असा तिथं नियम. त्याला ते वाक्य येईना आणि मराठीत बोलायची भीती वाटे. कितीतरी दिवस दप्तरात पन्नीत गुंडाळलेली ओली चड्डी यायची. मी त्यालाच रागवायचे. कारण कळलं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. आठवलं की अजून जीव कळवळतो.

धाकटीला जिल्हा परिषद शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत पाठवलं. तुमच्या प्रश्नात अंगणवाडीचं नावच नाही, आणि मी तर म्हणते आधी तीच पाहून या. लोकांना वाटतं तिथं फक्त खिचडी मिळते. पण ही योजना 1975 साली सुरू झाली तेव्हापासून तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना शाळेआधीचं शिक्षण देणं हेही तिचं कामच आहे. आमच्या सेविकाताई ताटात तूर, चना, सोयाबीन मिसळून द्यायच्या आणि लेकरं चिमटीनं दाणे वेगळे करायची. हे काय शिकणं, असं मलाही वाटलं होतं. पण पेन्सिल धरायचं बळ त्याच चिमटीत येतं. मोठ्यानं नर्सरीत पेन्सिल मुठीत धरून वह्या भरल्या, ती सवय मोडता मोडता दुसरी उजाडली. लहान लेकरांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली पालघरकडच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, तीही परिसरातल्याच वस्तू हाताशी घेऊन.

सगळ्या अंगणवाड्या अशा नसतात, हेही खरं. काही ठिकाणी आहार झाला की लेकरं घरी. तुमच्याकडे तसं असेल तर मॅडमची नर्सरी बघा. न सांगता अकराच्या सुमारास जा आणि अर्धा तास बाहेर उभे राहा. लेकरांचे आवाज येतात की एकट्या मॅडमचाच? संडासात पाणी आहे का? अंगणात उघडी विहीर, टाकं तर नाही ना? तीन वर्षांच्या लेकराला ओळीच्या ओळी गिरवायला लावत असतील तर तिथून परत या.

सीटचं म्हणाल तर आपल्या राज्यात पहिलीला 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे तुमच्या हातात अजून दोन वर्षं आहेत. जिल्हा परिषदेच्या पहिलीला केजी लागतच नाही. लेकराची किंवा आईबापाची परीक्षा घेऊन प्रवेश द्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मनाई आहे. पहिलीत नवीन मुलं किती घेता, हे कॉन्व्हेंटच्या ऑफिसात स्पष्ट विचारा, जमलं तर लिहून मागा. पुढं तीच शाळा हवी असेल तर केजी टूला घाला, तेवढं पुरे. पहिलीत जाताना तिला इमारत आणि सोबती ओळखीचे असतील, शाळेला जोडलेल्या केजीचा मला दिसलेला फायदा एवढाच.

आणि यंदाच कॉन्व्हेंटमध्ये घातलं, तर पहिल्या दिवशी स्वतः जा आणि मॅडमना सांगा, माझी पोरगी 'मॅडम, सू आली' असंच म्हणेल, तिला जाऊ द्या.