सेवा आणि अभ्यास यांची सांगड

प्रश्न : मी साक्री तालुक्यात पदवीच्या वर्गाला भूगोल शिकवते. समाजसेवेतून शिक्षण अभ्यासक्रमात आणायचे, तर ते राष्ट्रीय सेवा योजनेहून वेगळे कसे, आणि गुण कशाला द्यावेत?
– एक प्राध्यापिका

उत्तर : राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिच्यात दोन वर्षांत २४० तासांचे काम अपेक्षित असते, मात्र ते काम विद्यार्थ्याच्या विषयाशी जोडलेले असतेच असे नाही. समाजसेवेतून शिक्षणात गावाची गरज आणि विषयातील घटक एकाच कामात यावे लागतात. आपल्या परिसरात पांझरा नदीवरील फड सिंचन पद्धतीचा वारसा आहे : बंधाऱ्यावरून पाट काढायचा, एका फडात (शेतांच्या सलग पट्ट्यात) शक्यतो एकच पीक घ्यायचे आणि पाणीवाटप शेतकऱ्यांनीच नेमलेल्या पाटकऱ्याने पाहायचे. विद्यार्थ्यांनी अशा एखाद्या गावातील विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मोजली, जुन्या पाटांचा नकाशा काढला आणि तो ग्रामसभेत समजावून सांगितला, तर जलविज्ञानाचे प्रकरण शिकवून होते आणि गावाच्या हाती उपयोगाची नोंद राहते. (हातात झाडू धरून काढलेल्या छायाचित्राचा अहवाल मात्र कृपया स्वीकारू नये.)

गुण भरलेल्या तासांना नव्हे, तर नोंदवहीला, निष्कर्षाला आणि अनुभवाची वर्गातील सिद्धांताशी घातलेल्या सांगडीला द्यावेत. विषय ग्रामस्थांशी बोलूनच ठरवावा, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत भेटी ठेवू नयेत. त्या वेळी बोलायला घरी कोणी सापडणार नाही.