रस्ते सुरक्षेचा मर्यादित निधी नाशिकमध्ये आधी कोठे खर्च करावा?

हा निधी मोठ्या चौकांवर एकवटावा की शहरभर वाटावा, असे आपण विचारले आहे. मी स्थापत्य अभियंता असून रस्त्यांची अंदाजपत्रके करणे हे माझे नित्याचे काम आहे. माझ्या मते निधीची विभागणी चौकानुसार न करता, माणसे कशामुळे दगावतात किंवा जायबंदी होतात यानुसार करावी.

राष्ट्रीय महामार्गांवर सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा बळी गेले, की ते ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे यादीत नाव येण्यासाठी आधी माणसे मरावी किंवा जायबंदी व्हावी लागतात. शिवाय एखाद्या ठिकाणचा आकडा योगायोगानेही वाढतो आणि पुढे काही न करताही उतरतो. श्रेय मात्र नव्या गतिरोधकाला मिळते. मिरची चौकात 8 ऑक्टोबर 2022 रोजी धडकेनंतर बसला आग लागून 12 जणांचा मृत्यू झाला आणि सर्वांचे लक्ष त्या चौकाकडे गेले. परंतु भरधाव रुंद रस्त्याला आडवा रस्ता मिळतो अशी रचना जेथे जेथे आहे, तेथे एकाच वेळी काम व्हायला हवे.

देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 जण मृत्युमुखी पडले. त्यांत दुचाकीस्वार सुमारे 44 टक्के, तर पादचारी जवळपास 20 टक्के होते. मोठ्या चौकांतील उड्डाणपूल वा भुयारी मार्गांनी यांचे फारसे भले होत नाही. द्वारका चौकातील पादचारी भुयारी मार्ग पाहा: तो बांधला, तरी जिने उतरून पुन्हा चढण्यापेक्षा लोकांनी वाहनांमधून वाट काढणेच पसंत केले. त्याऐवजी उंचवट्याचे क्रॉसिंग (रस्त्यापेक्षा थोडी उंच केलेली पादचारी वाट), दुभाजकात थांबण्यापुरती सुरक्षित जागा आणि वेग मोजणारे कॅमेरे यांवर आधी खर्च करावा. सरासरी वेग एक टक्का वाढला तरी प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

देखभालीची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असावी, कारण झेब्रा पट्टे झिजतात आणि ते पुन्हा रंगवण्याच्या कामाला कोणी फीत कापायला येत नाही.

2027 च्या सिंहस्थासाठी रुंद होणाऱ्या रस्त्यांवर वेगही वाढेल. त्यांचे स्वतंत्र सुरक्षा परीक्षण नकाशे कागदावर असतानाच व्हावे, ही मागणी आपण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी करू शकता. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198अ नुसार सदोष रचनेची जबाबदारी ठेकेदार आणि सल्लागारावरही येते, याचा उल्लेख त्या पत्रात अवश्य करावा.